शिसे ओतायचा बिडाचा साचा: एक पावसाळा वापरून

जूनच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारातून शिशाच्या लगडी ओतायचा बिडाचा साचा आणला. चार खण, एका खणात साधारण अर्धा किलो शिसे मावते. साडेअकराशे रुपये पडले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, जाळी दुरुस्तीला निघतात ती तेव्हाच. मी केरीला तेरेखोल नदीच्या तोंडाशी हाताने पाग (फेकायचे जाळे) टाकतो आणि पागाच्या कडेला बसवायचे शिसे घरीच ओततो. आजवर वितळलेले भंगार कढईतच थिजायचे आणि मग तो गोळा छिन्नीने फोडताना मनगटे भरून यायची. ते काम या साच्याने संपवले.

नव्या साच्याला तेल फासलेले होते, दुकानदाराने सांगितले नाही. साबणाने धुतला, चुलीवर कडकडीत तापवून कोरडा केला, खणांना मेणबत्तीची काजळी धरली. पहिल्या लगडी तरीही सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा पुरता तापला नव्हता. तिसऱ्या खेपेपासून उलटा करून लाकडाने एक टोला दिला की चारही लगडी खाली, पाठ आरशासारखी. मूठ मात्र आखूड आणि लोखंडी आहे, जाड चामड्याचे हातमोजे घालूनही चटका बसतो. मी तिला लाकडी दांडा बसवून घेतला.

खरा मनस्ताप भंगाराने दिला. टायरला लावायची वजने भंगारवाल्याने शिशाची म्हणून विकली, त्यात जस्ताचीही निघाली. आता एकेक वजन फरशीवर टाकून बघतो: शिसे धप्प वाजते, जस्त खणखणते. शिशावर नख उमटते. शिसे ३२७ अंशांना वितळते, जस्त ४१९ला. त्यामुळे आच बेताची ठेवली तर चुकून राहिलेले जस्त वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. आच वाढली की ते मिसळते, सगळा घाणा पिठल्यासारखा घट्ट होतो आणि साचा नीट भरत नाही. जुन्या टेलिफोन केबलच्या आवरणाचे शिसे मऊ, पागाच्या दोरीवर हातोडीने दुमडले तरी तडकत नाही. टायरच्या वजनांचे त्यात मिसळलेल्या अँटिमनी या धातूमुळे कडक, दुमडताना चीर जाते. म्हणून लगड गरम असतानाच खिळ्याने 'के' किंवा 'टा' कोरतो. बॅटरीचे शिसे घरी अजिबात वितळवू नका, आत आम्ल असते आणि धूर विषारी.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना कळकळीने सांगतो: पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे तोंडावर उडते. इथल्या हवेत बाहेर ठेवलेल्या भंगारावरही दव असते. मी भंगार थंड कढईतच घालतो, मग आच लावतो. आधीच वितळलेल्यात नवा तुकडा टाकत नाही. बाबा वाळूत चर पाडून ओतायचे, त्यांच्या कपाळावरचा डाग अशाच उडालेल्या शिशाचा. चश्मा लावतो, पायात बूट. काम मांगराच्या (शेतातल्या खोपीच्या) उघड्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून. ती कढई आणि ते कपडे घरात येत नाहीत, आणि मुलांना तिथे फिरकू देत नाही.

काम झाले की साचा तापवून खोबरेल तेलाचा हात फिरवतो. एकदा विसरलो, चार दिवसांत तांबूस गंज चढला, घासून काढावा लागला. सप्टेंबरपर्यंत बावीस किलोच्या लगडी निघाल्या. मुठीपायी एक तारा कापून पाचपैकी चार. साडेअकराशे वसूल झाले.