झाडावरून झाडावर दोराने जाताना: कोणती पद्धत कुठे चालते, कुठे नाही

धुऱ्यावरच्या चार-पाच मोठ्या झाडांची छाटणी असली की एकाच्या शेंड्यातून दुसऱ्याचा शेंडा अगदी जवळ दिसतो. उतरून पुन्हा चढायचं, की वरच्यावर पलीकडे जायचं? वरच्यावर जायचं तर कसं? ज्यांना हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा), लॅनयार्ड (बुंध्याभोवती टाकायचा आखूड दोर) आणि घर्षणगाठ (दोरावर सरकणारी, पण वजन पडलं की पकडणारी गाठ) घेऊन एका झाडावर व्यवस्थित काम करता येतं, पण दोन झाडांमधली हालचाल अजून ठरलेली नाही, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: दोहोंपैकी जे झाड कमजोर, त्याच्या हिशेबाने पद्धत निवडावी. किती वेळ वाचतो, हा विचार त्यानंतरचा.

आधी दोन्ही झाडं तपासा

चिंच चिवट असते, बाभूळही. मात्र बाभळीचे काटे दोराचं बाहेरचं आवरण फाडतात. शेवगा, पांगारा, गुलमोहर आणि सालईच्या फांदीवर जीव टांगू नये. जुना मोह आणि जुनी चिंच आतून पोकळ असू शकतात, म्हणून बुंध्यावर लाकडी हातोड्याने खालपासून वरपर्यंत ठोकून आवाज ऐकावा. कडुनिंबाच्या बुडाशी वाळवीची माती दिसली तर ती खरवडून आतलं लाकूड बघावं.

साग आणि मोह यांच्याबाबत एक गोष्ट हमखास चुकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते. थ्रोलाइन (मुख्य दोर वर ओढण्यासाठी आधी फेकायची बारीक दोरी) टाकायला तेव्हा सोपं जातं, कारण वरच्या सगळ्या बेचक्या उघड्या दिसतात. पण त्याच दिवसांत वाळलेली फांदी आणि जिवंत फांदी खालून सारखीच दिसते. काम उन्हाळ्यात करायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये, झाडाला पान असताना, वाळक्या फांद्या पाहून बुंध्यावर त्या बाजूला गेरूची खूण करून ठेवावी.

जमीनही बघा. काळी माती पावसात फुगून मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. झाडाला सरळ खाली ओढणारा भार मुळं सहज घेतात. बाजूचा ओढा मात्र शेंड्यापासून बुडापर्यंत तरफेसारखा काम करतो. संततधार पावसानंतर काळ्या जमिनीतलं झुकलेलं झाड बाजूच्या ओढ्यासाठी वापरू नये.

लॅनयार्डने पलीकडे सरकणं

फांद्या एकमेकींत गेलेल्या असतील आणि अंतर 3 मीटरच्या आत असेल तर ही पद्धत सगळ्यात जलद. मुख्य दोर पहिल्या झाडावर शक्य तितका उंच असतो. त्याच्या आधाराने फांदीवरून चालत जायचं, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती किंवा मुख्य फांदीभोवती लॅनयार्ड टाकायचं, हळूहळू वजन देऊन बघायचं आणि मगच तिकडे सरकायचं. नव्या झाडावर दुसरा दोर बसेपर्यंत पहिला सोडायचा नाही.

धोका झोक्याचा आहे. 3 मीटर बाजूला गेलेला माणूस निसटला आणि अँकरपासून (दोर वर जिथे अडकवला त्या जागेपासून) दोर 10 मीटर लांब असला, तर तो पहिल्या झाडाच्या बुंध्यावर ताशी 11 किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. तेवढंच अंतर, पण अँकर जवळ आणि दोर फक्त 4 मीटर असेल, तर वेग साडेअठरापर्यंत जातो. म्हणून बाजूला जायच्या आधी अँकर उंच हलवण्यात गेलेली दहा मिनिटं फुकट जात नाहीत.

दाट लावलेल्या सागाच्या रांगांमध्ये ही पद्धत मोहात पाडते. तिथली झाडं सरळ उंच गेलेली आणि बारीक असतात, आणि वजन पडलं की सगळा शेंडा वाकतो. लॅनयार्ड टाकायचं ठिकाण 10 सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल तर तिथून परत फिरावं.

दोन झाडांवर दोन दोर

गावातल्या बहुतेक कामांना आम्ही हीच पद्धत सुचवू. दोन्ही झाडांवर एकेक पूर्ण व्यवस्था लावायची: दोर, त्याची स्वतःची घर्षणगाठ, स्वतःचा कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी). माणूस दोन दोरांच्या मध्ये इंग्रजी व्हीसारखा लटकतो; एक सोडत आणि दुसरा घेत सरकतो. एक निसटला तरी दुसरा धरतो.

सामान: 11 ते 13 मिलिमीटर जाडीचे, झाडकामासाठीच बनवलेले, कमी ताणले जाणारे दोन दोर, अँकर 12 मीटर उंचीवर असेल तर प्रत्येकी 45 मीटर, प्रत्येक दोराला 8 ते 10 मिलिमीटरच्या उष्णतारोधक दोरीची घर्षणगाठ, आपोआप कुलूप लागणारे कॅरॅबिनर, थ्रोलाइन आणि तिच्या टोकाला 250 ते 400 ग्रॅमची थ्रोबॅग (वजनाची पिशवी). विहिरीचा किंवा बैलगाडी बांधायचा प्लास्टिकचा दोर इथे अजिबात नको. घर्षणाच्या उष्णतेने तो वितळतो आणि गाठ घसरते.

दुसऱ्या झाडावरचा दोर चढण्याआधीच जमिनीवरून थ्रोलाइनने बसवावा आणि खालच्या दोघांनी एकदम लटकून त्याची परीक्षा घ्यावी. मग पहिल्या झाडावर चढून हवी ती उंची गाठायची. खालचा गडी दुसऱ्या दोराचं टोक वर पाठवतो. ते हार्नेसच्या पुढच्या कडीत वेगळ्या कॅरॅबिनरने लावायचं, घर्षणगाठ हाताने घट्ट बसवायची आणि ढील काढायची. आता पहिला 30 सेंटिमीटर सोडायचा, दुसरा 30 सेंटिमीटर घ्यायचा, आणि असंच पुढे. एकदम मीटरभर सोडलं की ढिली पडलेली गाठ पकडायच्या आधी थोडी घसरते आणि झटका बसतो. दोन्ही दोरांच्या शेवटी अडवणारी गाठ हवीच.

सगळा हिशेब दोन दोरांमधल्या कोनाचा आहे. माणूस आणि सामान मिळून 90 किलो धरा आणि अँकरांमध्ये 8 मीटर अंतर. मधोमध असताना तुम्ही अँकरांच्या 4 मीटर खाली असाल तर कोन 90 अंश होतो आणि प्रत्येक दोरावर सुमारे 64 किलो ओढा येतो. 2.3 मीटर खाली असाल तर कोन 120 अंश आणि प्रत्येकावर पूर्ण 90 किलो. फक्त 1 मीटरच्या आसपास खाली राहिलात तर कोन 150 अंश आणि ओढा 174 किलो, जवळजवळ सगळा बाजूला. म्हणून 90 च्या आत राहावं आणि 120 ओलांडू नये. वर मोजपट्टी नेता येत नाही, तेव्हा सोपा नियम: अँकरांमधल्या अंतराच्या निम्मं तरी खाली राहा.

एकेरी दोर (फांदीवरून दुहेरी न करता एकाच पदरावर चढायचं) वापरत असाल तर तो फांदीवरून नेऊन खाली बुंध्याला बांधू नका. अशाने त्या फांदीवर जवळपास दुप्पट भार पडतो. वर फांदीलाच बांधा.

अडचणी मुख्यतः दोन. पहिली, कापणी. मध्ये लटकून काम करताना दोन्ही दोर ताणलेले असतात, आणि ताणलेल्या दोराला करवतीचा दात नुसता लागला तरी तो सटकन तुटतो. कापायच्या आधी लॅनयार्ड लावून तिसरा आधार घ्यावा आणि दोन्ही दोर करवतीच्या उलट बाजूला ठेवावेत. दुसरी, वारा. उन्हाळ्यात दुपारी वावधान सुटलं की दोन झाडं वेगवेगळी डोलतात. दोर क्षणात ताठ, क्षणात सैल होतात. विदर्भात मे महिन्यात असं काम सकाळी दहाच्या आत आटोपावं, तेही उन्हाच्या आधी.

फेकायचा हुक

दुसऱ्या झाडाच्या बेचकीत हुक टाकून स्वतःला ओढून घेण्यासाठी हा बरा. बेचकीच्या पलीकडे फेकून मागे ओढायचा, म्हणजे तो नीट अडकतो. त्यावर फक्त ओढ द्यायची. जीव मुख्य दोरावर. गावच्या वेल्डरकडून सळई वाकवून घेतलेला हुक तर ओढण्यापुरताही भरवशाचा नाही, कारण जोड कुठे तुटेल ते बाहेरून दिसत नाही. हुक वरच्या दोन्ही पद्धतींना फक्त पूरक म्हणून ठेवा.

आडवा ताणलेला दोर

दोन झाडांत दोर ताणून पुलीवरून सरकायचं. दिसायला सगळ्यात सोपं, आणि आमच्या मते धुऱ्यावरच्या झाडांसाठी चुकीचं. त्याच 8 मीटरच्या अंतरात दोर मधोमध फक्त 35 सेंटिमीटर झोळला तर कोन 170 अंश होतो आणि प्रत्येक टोकावर 516 किलोचा ओढा येतो, तोही जवळजवळ पूर्ण आडवा. चेन पुलीने आधीच ताणलं असेल तर झोळ आणखी कमी आणि ओढा आणखी जास्त. हे मोजमाप करून, ताण मोजणारं साधन लावून, प्रशिक्षित चमूनेच करावं.

उतरून पुन्हा चढणं

थकवा येतो, वेळ जातो. तरीही दुसऱ्या झाडात शंका असेल, अंतर 8 मीटरपेक्षा जास्त असेल, किंवा दोहोंपैकी कुठल्याही झाडावर आग्या मोहोळ असेल तर हाच रस्ता. मोहोळ उठलं तर दोन दोरांत मधे अडकलेल्या माणसाला पटकन खाली येता येत नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर माणूस, दोर आणि फांदी तिन्ही किमान 3 मीटर दूर राहतील असं बघा. तेवढी जागा नसेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुठलीच पद्धत नको.

कुठे काय

चिंचेची जोडी, अंतर 6-7 मीटर: दोन दोर. कडुनिंबाशेजारी गुलमोहर: कडुनिंबावर दोर, गुलमोहराचं टोक लांब दांड्याच्या करवतीने, आत न शिरता. सागाची रांग: जाड बुंधा असेल तिथे लॅनयार्ड, नाहीतर उतरा.

दोन दोरांनी काम करायचं ठरलं तर खाली दुसरा चढणारा हार्नेस घालून तयार हवा. वर बेशुद्ध झालेल्या माणसाला दोन्ही दोरांतून सोडवून एकावर घ्यावं लागतं, आणि हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली आणावं लागतं. म्हणून मधोमध असतानाही दोन्ही दोरांची शेपटी जमिनीला टेकते आहे ना, हे वर जायच्या आधीच खालून खेचून बघा.