घाटरस्त्यासाठी टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? पसरणी घाटातील वापरानंतरचा अनुभव

वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचे आहे. परंतु वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर असल्यामुळे मधला पसरणी घाट लहान स्कूटरची पुरती परीक्षा घेतो. कामानिमित्त मी या रस्त्याने नेहमी ये-जा करतो आणि गेल्या पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दोन गाड्या आलटून पालटून वापरल्या आहेत. एक म्हणजे घरातील जुनी, नीट राखलेली ९८ सीसीची टू-स्ट्रोक कायनेटिक होंडा आणि दुसरी १०९ सीसीची, फ्युएल इंजेक्शन असलेली फोर-स्ट्रोक अ‍ॅक्टिव्हा. दोन्ही विनागिअर, बेल्टवर चालणाऱ्या आहेत आणि दोन्हींची ताकद कागदावर पावणेआठ अश्वशक्तीच्या आसपास आहे, म्हणून त्यांची तुलना न्याय्य ठरते. चेतक किंवा एलएमएल अशी हाताने गिअर टाकायची जुनी स्कूटर घेऊन हीच तुलना केली असती, तर चढावरचा जोर इंजिनाचा किती आणि हाताने टाकलेल्या दुसऱ्या गिअरचा किती, हे वेगळे काढता आले नसते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरना घाटातील जोराचे जे श्रेय मिळते, त्यातील बरेचसे त्या गिअरचे असते, असे माझे मत आहे.

चढावर कायनेटिक सरस आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. त्यामुळे तीव्र वळणावर वेग मोडल्यानंतर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की कायनेटिक चटकन उचलते. अ‍ॅक्टिव्हा त्याच जागी आधी आवाज वाढवते आणि मग हळूहळू वेग धरते. डबलसीट असताना हा फरक अधिक जाणवतो. तरीही अ‍ॅक्टिव्हा घाटात कोठे थांबली किंवा मागच्या माणसाला उतरावे लागले, असे कधी झाले नाही. चढाला गाडी दबते अशी तक्रार असेल, तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी बेल्ट, व्हेरिएटरचे (गिअरऐवजी काम करणाऱ्या पुलीचे) रोलर आणि क्लच शू तपासून घ्यावेत. झिजलेला बेल्ट घाटात जितका उघडा पडतो तितका सपाटीवर पडत नाही.

माझा निर्णय मात्र उतारावर झाला. गाडी निवडताना बहुतेक जण ती घाट चढेल का एवढेच विचारतात, आणि ती घाट उतरताना कशी वागते हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. फोर-स्ट्रोक इंजिनाला बंद थ्रॉटलमागून (हवेच्या झडपेमागून) हवा ओढून घेण्यासाठी पिस्टनचा एक स्वतंत्र स्ट्रोक खर्च करावा लागतो आणि त्या ओढाताणीतून गाडीला रोध मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये हा रोध फारच थोडा असतो. त्यामुळे पाचगणीहून खाली येताना कायनेटिकचा सगळा भार ब्रेकवर पडतो. ड्रम तापले की लायनरचा वास येऊ लागतो आणि ब्रेकचा दांडा मुठीच्या जवळ येतो. तेव्हा थांबून ड्रम निवू देणे हाच उपाय असतो. अ‍ॅक्टिव्हा उतारावर स्वतःला आवरत येते आणि ब्रेक केवळ वळणापुरते लागतात. शिवाय डाव्या दांड्याने दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागत असल्यामुळे ओल्या रस्त्यावर मागचे चाक सरकण्याची भीती कमी राहते.

येथे एक गोष्ट विनागिअर गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या खाली गेला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा रोध नाहीसा होऊन गाडी मोकळी धावू लागते. अशा वेळी किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन सोडला की क्लच पुन्हा धरतो. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटमाथ्यावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या गाडीचा क्लच तर धरतच नाही. चार पैशांच्या पेट्रोलसाठी संपूर्ण घाट केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरणे अत्यंत धोक्याचे आहे आणि मी कळकळीने सांगतो की तसे कोणीही करू नये.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत उतारावर वंगणाचाही विचार करावा लागतो. ज्या गाड्यांत टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यांत अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जाते, आणि गिअरमध्ये वेगाने उतरणाऱ्या इंजिनाचा पिस्टन कोरडा पडून जाम होण्याचा संभव असतो. म्हणून चेतकवाले जाणकार उतारावर मधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत येतात. कायनेटिकमध्ये ऑइलची टाकी वेगळी असून पंप ते पुरवतो, त्यामुळे ही चिंता कमी आहे. परंतु त्या टाकीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

खर्चाचे गणित सरळ आहे. घाटात कायनेटिक लिटरला तिशीच्या आसपास राहते, तर अ‍ॅक्टिव्हा चाळिशी ओलांडते. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येत असताना त्याचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. कमी अ‍ॅव्हरेजचे मूळ तेथे आहे, आणि धूर मुख्यतः पेट्रोलबरोबर जाणाऱ्या ऑइलचा असतो. त्यात चढाच्या ताणाने सायलेन्सरमध्ये कार्बन धरतो, प्लग काळा पडतो आणि वेळोवेळी सफाई करावी लागते. इंजिन साधे असल्यामुळे हे काम सोपे असले, तरी ते जाणणारे मेस्त्री आता कमी झाले आहेत.

नवी टू-स्ट्रोक स्कूटर आज दुकानात मिळत नाही, त्यामुळे ज्यांना ती हवी आहे त्यांना जुनीच घ्यावी लागेल. त्यांनी रंगरूपापेक्षा क्रँकची ऑइल सील, ऑइल पंप आणि दोन्ही ब्रेक आधी पाहावेत. सील गळत असतील तर इंजिन जादा हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि नेमक्या लांब चढावर पिस्टन जाम होतो. पंधरा वर्षांवरील गाडीची पुनर्नोंदणी झाली आहे का आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हेही कागदपत्रांवरून पडताळावे. शक्य असल्यास मालकाला मागे बसवून घाटाचा एखादा टप्पा चढावा आणि, विशेषतः, उतरावा. त्यानंतरच किमतीचे बोलणे करावे.