नव्या कायद्याची बातमी खरी होती, पीएफची चलने खोटी निघाली

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल आहे आणि पटावर 23 कामगार आहेत. पीएफचा कायदा 20 माणसांपासून लागू होतो, त्यामुळे आम्ही अनेक वर्षे नियमित भरणा करीत आलो. हे काम आमचे मुनीमजी पाहत. गेल्या दिवाळीनंतर दृष्टी कमी झाल्याने ते घरी बसले आणि मी नेमका त्याच वेळी उघड्यावर पडलो.

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक सल्लागार ओळखीच्या व्यापाऱ्याचे नाव सांगत गादीवर येऊन बसला. त्याने सांगितलेल्या पहिल्या चार गोष्टी अगदी बरोबर होत्या, हे येथे मुद्दाम नोंदवतो. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागते; भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते; काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो; आणि मुदतीच्या करारावरील माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. वर्तमानपत्रात वाचलेल्याशी हे सगळे जुळत होते. म्हणूनच पाचवी गोष्ट मी तपासली नाही. जुना पीएफ क्रमांक रद्द झाला असून पंधरा दिवसांत नवी नोंदणी केली नाही तर दोन लाख दंड बसेल, असे तो म्हणाला. प्रत्यक्षात संहिता आली म्हणून जुना क्रमांक बाद होत नाही आणि 'चार संहितांचे एकत्रित प्रमाणपत्र' नावाचा कागदच अस्तित्वात नाही. मी मात्र त्या कागदासाठी त्याला 18,500 रुपये मोजले आणि त्यावरील राजमुद्रा पाहून तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

फीचे पैसे गेले एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिलेही नसते. नवी डिजिटल सही मंजूर होईपर्यंत भरणा माझ्या खात्यातून करू, असे सांगून त्याने डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या वेतनावरील प्रत्येकी 69,000 रुपये घेतले. दर महिन्याच्या 15 तारखेपूर्वी तो व्हॉट्सॲपवर पीएफ भरल्याचे चलन पाठवी आणि मी त्याची छापील प्रत फाइलला लावी. सरकारी देणे खासगी माणसाच्या खात्यात कसे जाते, हा साधा प्रश्न तूर घेताना दाणा दाताखाली फोडून पाहणाऱ्या मला पडला नाही.

मार्चअखेर अमळनेरकडचा एक हमाल बारदान मोजता मोजता म्हणाला, "शेठ, तीन महिना व्हयनात, पीएफना मेसेज उनाच नही." त्याच्याच मोबाईलवर पासबुक उघडले, तर नोव्हेंबरनंतर एकही नोंद नव्हती. मग तिन्ही चलने टेबलावर शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक चलनावर टीआरआरएन नावाचा तेरा अंकी क्रमांक असतो. तिन्हींवर तो एकच होता आणि तोही आमच्याच नोव्हेंबरच्या चलनाचा, जे मी स्वतः त्याला नमुना म्हणून दिले होते. महिन्याचे नाव बदलले होते, पण त्या अक्षरांची जाडी शेजारच्या अक्षरांहून किंचित जास्त होती. पीएफच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की चलनाची खरी स्थिती दोन मिनिटांत दिसते, हे मला त्या दिवशी कळले.

पीएफच्या कार्यालयात मी फसवला गेल्याचे सांगितले, पण जबाबदारी टळत नाही. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम भरली नाही, तर कायदा तो मालकानेच केलेला विश्वासघात मानतो. म्हणून 2,07,000 रुपये पुन्हा भरले. त्यावर वार्षिक 12 टक्के व्याज आणि उशिरापोटी दरमहा एक टक्का नुकसानभरपाई वेगळी. कामगारांकडून दुसऱ्यांदा एक रुपयाही कापला नाही, कारण तो अधिकारच मला नव्हता. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे खात्यातून केव्हाच काढलेले होते. इतके दिवस उलटल्यावर दुसरे काय होणार. पोलिसांनी फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांचा गुन्हा दाखल केला असून प्रमाणपत्र चौकटीसकट जप्त केले आहे.

तपासात कळले की आमच्याच रांगेतील चटईच्या कारखान्यातही त्याने हेच प्रमाणपत्र विकले होते. त्यांचे नुकसान मात्र फीपुरतेच झाले, कारण तेथील चलन मालकांची मुलगी स्वतःच्या हाताने भरते.