दोन टाक्यांची जुनी एफ-१५०: १९८९ पर्यंतची घ्यावी की १९९० पासूनची?

अमेरिकेत गावाबाहेर एकर-दोन एकर जमीन घेतलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी जुन्या पिकअपची गरज पडते. लाकडं आणायची, गवताचे भारे न्यायचे, ट्रेलर ओढायचा. मग जाहिराती चाळताना जुनी फोर्ड एफ-१५० दिसते, किंमत बरी वाटते, आणि खाली एक ओळ असते: 'मागची टाकी चालत नाही, बाकी गाडी उत्तम.' खरेदीचा निर्णय अडतो तो या ओळीपाशी. तिचा अर्थ डॅशबोर्डवरचं टाकी निवडायचं बटण बदलण्यापासून ते हौदा (सामान ठेवायचा मागचा उघडा भाग) उचलून पेट्रोलची टाकी उघडण्यापर्यंत काहीही असू शकतो. यातलं नेमकं काय, हे ठरवायला सगळ्यात आधी गाडीचं साल विचारा.

एफ-सिरीजच्या पेट्रोल इंजिनांना फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारण्याची पद्धत) आलं ते १९८५ पासून टप्प्याटप्प्याने. एफ-१५०ला दोन टाक्या १९९६पर्यंत मिळत होत्या. १९९७च्या नव्या बॉडीत त्या गेल्या. एक टाकी गाडीच्या मध्यावर, दुसरी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे. लांब हौद्याच्या गाडीत दोन्ही मिळून साधारण ३५ गॅलन, म्हणजे १३० लिटर पेट्रोल मावतं. बाहेरून १९८९ची आणि १९९०ची गाडी शेजारी उभी केली तर फरक कळणार नाही. खालून मात्र पेट्रोलची सगळी व्यवस्था वेगळी आहे.

१९८९ पर्यंतची: तीन पंप

या गाड्यांत प्रत्येक टाकीत एक कमी दाबाचा पंप असतो आणि चॅसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर), ड्रायव्हरच्या बाजूला, तिसरा जास्त दाबाचा पंप. मधे एक प्लास्टिकचं रिझर्व्हॉयर असतं. दोन्ही टाक्यांचे पाइप त्यात येतात, आतला पडदा ज्या टाकीचा पंप चालू असेल त्याच्या दाबाने सरकतो आणि त्याच टाकीचा जाण्या-येण्याचा मार्ग उघडा ठेवतो. त्याला वेगळी मोटर किंवा वायर नाही.

याचा मोठा फायदा म्हणजे महत्त्वाचा पंप बाहेर, हाताशी आहे. तो गेला तर टाकी न उतरवता, गाडीखाली झोपून बदलता येतो. तोटा असा की टाकीतला पंप मेला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. चॅसीवरचा पंप ओढूनताणून पेट्रोल खेचत राहतो. उन्हाळ्यात, चढावर, टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर गाडी आचके देते आणि ड्रायव्हरच्या सीटखालून कर्कश आवाज येतो. लोक तो आवाज ऐकून चॅसीवरचा पंप बदलतात. नवा पंपही तसाच उपाशी राहतो आणि काही दिवसांत ओरडायला लागतो. त्यामुळे या सालांच्या गाडीत चॅसीवरचा पंप ओरडत असेल तर आधी टाकीतल्या पंपाकडे बघा, आणि रिझर्व्हॉयरमधल्या फिल्टरकडेही. हा फिल्टर आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

१९९० पासूनची: दोनच पंप, पण सगळं टाकीत

१९९०पासून चॅसीवरचा पंप गेला. जास्त दाबाचा पंपच टाकीत आला आणि त्याच्याबरोबर टाकीतल्या एका मॉड्यूलमध्ये पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट (तरंगता भाग) आणि व्हॉल्व्हही. पंपाच्या दाबाने त्या टाकीचा परतीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनाला नको असलेलं पेट्रोल त्याच टाकीत परत येतं. दुसऱ्या टाकीचे व्हॉल्व्ह तेव्हा घट्ट मिटलेले असायला हवेत.

ते मिटले नाहीत तर गडबड होते. गाडी मागच्या टाकीवर चालवावी आणि पुढच्या टाकीतलं पेट्रोल वाढत जावं, असा प्रकार. पुढची टाकी आधीच भरलेली असेल तर झाकणातून पेट्रोल बाहेर सांडतं, तेही चालत्या गाडीतून. १९९० ते १९९३च्या दोन टाक्यांच्या गाड्यांसाठी याच कारणाने १९९३मध्ये रीकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालं होतं. तुम्ही घेताय त्या गाडीवर ते काम झालं होतं का, हे गाडीचा व्हीआयएन नंबर (ओळख क्रमांक) देऊन डीलरकडे विचारता येतं, नक्की विचारा.

याच व्हॉल्व्हमुळे आणखी एक फसवी गोष्ट घडते. पुढच्या टाकीवर दाब कमी दिसतो, म्हणून पुढचा पंप बदलला जातो, तरी दाब कमीच. कारण मागच्या टाकीचा पुरवठ्याचा व्हॉल्व्ह गळत असतो आणि पुढच्या पंपाचं पेट्रोल इंजिनाकडे जाण्याऐवजी चोरवाटेने मागच्या टाकीत जातं. दोष मागे, लक्षण पुढे. नवा पंप घेण्याआधी ज्या टाकीवर गाडी चालू नाही तिचा काटा बटण फिरवून बघा. तो हळूहळू वर जात असेल तर पंपाआधी व्हॉल्व्हवर संशय घ्या.

बटण फिरवून बघा

एका टाकीच्या गाडीत पंपाचा दोष शोधायला आधी मीटर काढावा लागतो. इथे गाडीतच तुलनेची सोय आहे. एका टाकीवर गाडी नीट चालते आणि दुसरीवर नाही, तर रिले (पंपाला वीज देणारा स्विच), इनर्शिया स्विच (धक्का बसला की पंप बंद करणारा), मुख्य फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा भाग), इंजेक्टर हे सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं, कारण ते दोन्ही टाक्यांना सामाईक आहे. उरतं ते टाकी बदलायचं बटण, त्या टाकीकडे जाणारी वायर, तिचं ग्राउंड, टाकीतला पंप, आणि व्हॉल्व्ह (वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या टाकीचाही). दोन्ही टाक्यांवर गाडी मेली असेल तर दोन पंप एकाच दिवशी गेले असण्याची शक्यता फार कमी. तेव्हा सामाईक बाजू तपासायची, आणि सुरुवात इनर्शिया स्विचपासून. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी तो असतो. खड्ड्यात किंवा ट्रेलर जोडताना जोरात धक्का बसला की पंपाचा करंट तोडतो. वरचं बटण दाबलं की काम झालं. त्यानंतर बॉनेटखालचा पंपाचा रिले.

एका टाकीचा दोष असेल तेव्हा माझा पहिला संशय डॅशबोर्डवरच्या बटणावर असतो. टाकीतल्या पंपाचा सगळा करंट त्या बटणातून जातो, आणि तीस-पस्तीस वर्षांत आतले संपर्क काळे पडतात. ते बाहेर काढून मागचा प्लग बघावा. एखाद्या पिनेशी प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसलं तर दोष सापडला, आणि तो सगळ्यात स्वस्तातला आहे.

प्लग स्वच्छ असेल तर टाकीवरच्या प्लगपाशी व्होल्टमीटर लावायचा, पण पंप जोडलेला आणि चालू असताना. नुसता प्लग काढून मोजलं तर गंजलेली वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंटच वाहत नसतो. चावी ऑन केल्यावर पंप एक-दोन सेकंदच चालतो, तेवढ्यात मोजणं कठीण. त्यासाठी बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक प्लगमधली पंपाची पिन ग्राउंडला जोडायची. मग चावी ऑन असेपर्यंत पंप चालत राहतो. मीटरची एक टोचणी पॉझिटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी आला तर पंपाला दोष देऊ नका, वायर शोधा. मग हेच ग्राउंडच्या बाजूने करायचं: पंपाच्या ग्राउंड पिनेवर शून्याच्या जवळ यायला हवं. तिथे एक-दीड व्होल्ट दिसला तर चॅसीला जिथे ती वायर बोल्टने बसवली आहे तिथला गंज घासून काढा.

दाब किती हवा

इंजिनवरच्या फ्युएल रेलला टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यावर गेज बसतो. पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत तो अनामत ठेवून वापरायला मिळतो. व्ही-८ इंजिनात इंजिन बंद आणि पंप चालू असताना ३५ ते ४५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) हवा. सहा सिलिंडरच्या ४.९ लिटर इंजिनाला जास्त लागतो, ५० ते ६०. हा फरक लक्षात नसल्याने सहा सिलिंडरच्या गाडीवर ४० पीएसआय पाहून 'पंप ठीक आहे' असं म्हणणारे मेकॅनिक आजही भेटतात. गाडी विकत घेताना असं प्रमाणपत्र कुणी दिलं तर आकडा विचारा आणि इंजिन कुठलं ते स्वतः बघा.

दोन्ही टाक्यांवर आकडा सारखाच कमी येत असेल तर फिल्टर किंवा रेग्युलेटर, आणि १९८९ पर्यंतच्या गाडीत चॅसीवरचा पंपही. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघा. तीत पेट्रोल ओलसर दिसलं तर आतला पडदा फाटला आहे.

टाकी उतरवायची की हौदा उचलायचा

पंपच गेला हे नक्की झालं की हा प्रश्न येतो. एकटे असाल, जॅक चांगला असेल आणि टाकी जवळजवळ रिकामी असेल तर टाकी खाली उतरवा. मदतीला तीन-चार माणसं असतील तर हौदा उचलणं मला कितीतरी बरं वाटतं: बोल्ट काढायचे, पेट्रोल भरायच्या नळ्यांचे स्क्रू आणि मागच्या दिव्यांचा प्लग सोडवायचा, आणि दोन्ही टाक्यांची डोकी एकदम समोर. पाइप, ग्राउंड, वायर सगळं उजेडात दिसतं. मात्र ओहायो-मिशिगनसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली गाडी असेल तर हौद्याचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात आणि कापावे लागतात. अ‍ॅरिझोना-टेक्सासच्या गाडीत ही अडचण सहसा येत नाही. पद्धत कुठलीही असो, आधी दाब सोडा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पेट्रोल उघडं असताना बल्बचा हँडलॅम्प वापरू नका, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

१९९० पासूनच्या गाडीत नुसता पंप घ्यावा की पूर्ण मॉड्यूल? पंप स्वस्त आहे, पण व्हॉल्व्ह मॉड्यूलमध्ये आहे. टाकी उघडल्यावर जुन्याच व्हॉल्व्हवर नवा पंप बसवला आणि सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह गळू लागला तर तेच काम पुन्हा. दुसऱ्या टाकीचा काटा चढत असेल तर मॉड्यूलच घ्या. चढत नसेल आणि जुनं मॉड्यूल मूळ फोर्डचं, न गंजलेलं असेल तर नुसता चांगला पंप पुरतो. बाजारातली हलकी मॉड्यूल्स मूळ मॉड्यूलपेक्षा आधी गळताना पाहिली आहेत. १९८९ पर्यंतच्या गाडीत हा पेच नाही, कारण व्हॉल्व्हचं काम बाहेरचं रिझर्व्हॉयर करतं. पण तो भाग जुना झाला आहे. घेण्याआधी तो कुठे मिळतो हे बघून ठेवा.

शेवरलेची त्या काळातली दोन टाक्यांची गाडी मिळत असेल तर एवढंच: तिच्यात टाकी बदलायला मोटरवर चालणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो काट्याची वायरही बदलतो. काटा एका टाकीचा आणि पेट्रोल दुसऱ्या टाकीचं असं झालं तर तो व्हॉल्व्ह बघा. १९८७ पासूनच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला दाब ९ ते १३ पीएसआयच लागतो, त्यामुळे पंप फोर्डपेक्षा सुखात असतात. पण १९७३ ते १९८७च्या त्या पिकअपच्या टाक्या चॅसीच्या दांड्यांच्या बाहेर, गाडीच्या कुशीत असतात. बाजूने धडक बसली तर आगीचा धोका, यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला होता. घरातली मुलं गाडीत बसणार असतील तर मी ती घेणार नाही.

मग कुठली?

स्वतः गाडीखाली जाऊन काम करायची आवड असेल तर १९८७ ते १९८९ची घ्या. भाग जास्त आहेत, पण बरेचसे बाहेर आहेत, आणि एका वेळी एक भाग तपासता येतो. मेकॅनिककडेच देणार असाल तर १९९४ ते १९९६ची बरी. पंपांची संख्या कमी, रीकॉलच्या सालांच्या पुढची, आणि मॉड्यूल सहज मिळतं. १९९० ते १९९३च्या गाडीला नाही म्हणायचं कारण नाही, फक्त व्हॉल्व्हची परीक्षा झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

ती परीक्षा सोपी आहे. बघायला जाण्याआधी विक्रेत्याला दोन्ही टाक्यांत निम्मं-निम्मं पेट्रोल ठेवायला सांगा. पोचल्यावर एकेका टाकीवर बटण फिरवून दोन्ही काट्यांचे फोटो काढा. पुढच्या टाकीवर वीस मिनिटं, मागच्या टाकीवर वीस मिनिटं चालवा, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्ही काटे पुन्हा बघा. एखाद्या टाकीवर गाडी सुरूच झाली नाही तर वर सांगितल्याप्रमाणे बटणाचा प्लग काढून बघण्याची परवानगी मागा. विक्रेत्याने ती नाकारली तर टाकी उघडण्याच्या पूर्ण खर्चाएवढी किंमत कमी करून मागा.