टाच न वाजणारा बूट : मार्चिंग बँडमधल्या लेकीसाठी केलेली खरेदी

माझी लेक इथे अमेरिकेत विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये आहे, म्हणजे फुटबॉलच्या सामन्यांत मैदानावर रांगेने चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये. ऑगस्टमध्ये बँड कॅम्पच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिचा रडत फोन आला. क्लॅरिनेट उत्तम वाजवते, निवड झाली तेव्हा घरात पेढे वाटले होते, त्यामुळे मला वाटलं वाजवण्यात काहीतरी चुकलं. तर नाही. "आई, माझे बूट काळे आहेत, पण बँडचे नाहीत," ती म्हणाली. पाच-सहा मुलांना रांगेतून बाजूला उभं केलं होतं, त्यात ती एक.

चूक माझी होती. नियमांचं पत्रक जूनमध्येच आलं होतं. त्यात मी "काळे बूट" एवढेच दोन शब्द वाचले आणि एका ऑनलाइन दुकानातून लेस बांधायचे काळे फॉर्मल बूट मागवले. दुकानाच्या पानावर "मार्चिंगसाठी योग्य" असं स्पष्ट लिहिलं होतं. बूट आले ते कडक सोलचे, चौकोनी टाचेचे, ऑफिसला घालावेत तसे. परत करायला गेलो तर सोलवर डांबराचे ओरखडे आहेत म्हणून दुकानाने पैसे दिले नाहीत. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण एक लक्षात ठेवा : विकणाऱ्याने मार्चिंग म्हटलं म्हणून तो मार्चिंग बूट होत नाही.

मग बँडमार्फतच खरा मार्चिंग बूट घेतला. दोन सीझन तो लेकीच्या पायात आहे. या प्रकारच्या बुटाबद्दल आणि तो ज्या नियमांसाठी बनलाय त्या नियमांबद्दल हे लिहिते आहे, कारण आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता इथे अमेरिकेत बँडमध्ये जातात आणि आईवडिलांना हे कुणी सांगत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. 'डिंकल्स' हे एका कंपनीच्या बुटाचं नाव या मुलांच्या तोंडी इतकं रुळलंय की दुसऱ्या कंपनीच्या बुटालाही बरेच जण डिंकल्सच म्हणतात. पण तुमचा बँड जे मॉडेल सांगेल, तेच घ्यायचं असतं. दोनशेच्या वर मुलं मैदानावर उतरतात, त्यांच्यात पाच वेगळे बूट वरच्या प्रेक्षकाला लगेच टोचतात.

आता मुख्य मुद्दा, टाच.

मी स्वतः कोल्हापूरला कॉलेजात एनसीसीत होते, बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. आमच्या बुटाची टाच वाजायलाच हवी होती. उस्ताद डोळे मिटून उभे राहायचे आणि टाचांचा आवाज एक आला की मान हलवायचे, फुटला की पुन्हा "कदम ताल". त्यामुळे लेकीचा नवा बूट हातात घेतला तेव्हा मला तो अपुराच वाटला. हलका, मऊ, आणि टाचेची मागची कड चक्क गोल घासल्यासारखी. मला वाटलं, हा वाजणार कसा?

तो वाजूच नये म्हणून तसा केलेला आहे. परेडमध्ये पाऊल आपटतात, इथे पाऊल लोळवतात. 'रोल स्टेप' म्हणतात त्याला. चवडा वर उचललेला, टाचेची मागची कड आधी जमिनीला लागते, मग तळवा टाचेकडून चवड्याकडे सावकाश टेकत जातो, जणू पायाखाली पोळीचं लाटणं फिरतंय. टाच चौकोनी असली तर प्रत्येक पावलाला एक ठोका बसतो. तो ठोका गुडघ्यातून, कमरेतून वर चढतो आणि क्लॅरिनेटचं तोंड दातांवर आपटतं. सूर हलतो. लेकीने पहिल्या बुटात हे अनुभवलं होतं, खालचा ओठ आतून सोलला होता. गोल टाचेच्या बुटात कमरेखालचं शरीर चालतं आणि वरचं जणू सरकत्या पट्ट्यावर उभं असतं. (काही विद्यापीठांचे बँड गुडघा उंच उचलून चालतात, त्यांचं बुटाचं गणित वेगळं. लेकीचा बँड मुख्यतः रोल स्टेपवाला आहे.)

मागे चालताना तर उलटंच. तेव्हा टाच जमिनीला लावायचीच नाही, चवड्यांवर तोल सांभाळत मागे जायचं. म्हणून सोल चवड्याच्या जागी वाकायला हवा. दुकानात बूट हातात आला की ही एक परीक्षा करा : नाक आणि टाच धरून वाकवा. बोटांच्या सांध्याशी सहज वाकला तर ठीक. मधोमध मोडल्यासारखा वाकत असेल किंवा वाकतच नसेल तर ठेवून द्या.

पावलाचं मापही ठरलेलं असतं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर 5 यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमध्ये 8 पावलं बसवायची, म्हणजे एक पाऊल 22.5 इंचांचं. उंच मुलगा असो की माझ्या लेकीसारखी पाच फुटांची मुलगी, पाऊल तेवढंच. आठव्या पावलाला चवडा रेघेवर. बूट मोठा असला, आत पाय सरकत असला, तर हे माप दर वेळी थोडं थोडं चुकतं आणि शेवटी रांग वाकडी दिसते. म्हणून "पुढच्या वर्षी पाय वाढेल" म्हणून मोठा नंबर घेण्याची आपली सवय इथे सोडा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेला असताना, आणि जे मोजे बँडमध्ये घालायचे तेच घालून.

मोज्यांचा नियम मला आधी अतिरेकी वाटला होता. काळे, पोटरीच्या वरपर्यंत, चिन्ह-बिन्ह काही नको. ऑक्टोबरमध्ये स्टेडियममध्ये अगदी वर बसून पहिल्यांदा पाहिलं आणि कळलं. काळी पँट, काळे मोजे, काळा बूट, म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंत एक रेघ. दुसऱ्या बाजूला एका मुलाच्या घोट्याशी पांढरं काहीतरी चमकत होतं, मोज्याची पट्टी असावी. इतक्या मुलांमधून माझी नजर प्रत्येक पावलाला तिथेच जात होती. त्या बिचाऱ्याने वाजवलं किती छान असेल, पण मी त्याचा घोटाच बघत राहिले.

बुटाच्या तक्रारी दोन आहेत. पहिली, आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालची गादी, अगदी पातळ. लेकीचा तळवा सपाट आहे, चार तास उभं राहिल्यावर पोटऱ्या दुखायच्या. आम्ही जेलचा इनसोल वेगळा घेऊन आत घातला, तेव्हा बूट अर्धा नंबर घट्ट झाला. आधी माहीत असतं तर अर्धा नंबर वरचा घेतला असता. दुसरी, नोव्हेंबरमध्ये हा बूट गारठा अडवत नाही. लोकरी मोजे घातले तर आत जागा उरत नाही. पातळ थर्मल मोजा आत आणि काळा मोजा वर, हा उपाय चालला. चावला मात्र कधीच नाही, एकही फोड नाही. पन्नास डॉलरच्या आत मिळाला, त्या मानाने फार टिकला. फक्त सरावाला तो घालायचा नाही. सराव पार्किंगच्या डांबरावर चालतो, तिथे गोल टाच महिन्याभरात घासून सपाट होते आणि मग त्या बुटाचा अर्थच संपतो.

पॉलिशबद्दल. मी चेरी ब्लॉसमची डबी आणि जुन्या मलमलीची चिंधी घेऊन भेटायला गेले होते. हे वरचं कातडं कृत्रिम आहे, त्याला मेण धरत नाही, ओल्या फडक्याने पुसलं की पुरे. तरी लेकीने मला डबी परत नेऊ दिली नाही. तिच्या कप्प्यात आहे.

बाकीचे नियमही थोडक्यात सांगते, कारण बूट त्यातलाच एक भाग आहे. गणवेश विद्यापीठाचा, आपल्याला फक्त वापरायला. लोकरीचा जाड कोट आणि त्याखाली 'बिबर्स', म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावरून पट्टे असलेली पँट. तिच्या पायाला आतून बटणांच्या रांगा असतात, उंचीप्रमाणे दुमडून लावायच्या, कापायचं काही नाही. पुढच्या वर्षी तीच पँट दुसऱ्या मुलाला जाते. मला ही सोय फार आवडली. गणवेशात असताना पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, गवतावर बसायचं नाही, कोट काढायचा तर सगळ्यांनी मिळून, सांगितल्यावर. टोपीवरचा तुरा उघड्या हाताने धरायचा नाही, हाताचं तेल पिसांना लागतं. तुरे मैदानावर जायच्या जरा आधी वाटतात. अर्धा गणवेश घालून कॅम्पसवर हिंडायचं नाही. घालायचा तर पूर्ण.

पांढरे सुती हातमोजे डझनाने घ्या. क्लॅरिनेटची भोकं बोटांच्या पेरांनी झाकायची असतात, म्हणून मोज्याची बोटं टोकाला कापावी लागतात. नुसती कापली तर दोन सामन्यांत धागे सुटतात. मी काठ दुमडून हाताने बारीक धावदोरा घालून दिला. नंतर तिच्या रांगेतल्या चौघींचे मोजेही माझ्याकडे आले.

केसांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. लेकीचे केस कमरेपर्यंत. नियम असा की केस कॉलरला लागता कामा नयेत आणि टोपीखालून दिसता कामा नयेत. टोपी म्हणजे 'शाको', उंच, कडक, हनुवटीखाली पट्टा. मानेवर अंबाडा घातला तर टोपीची मागची कड त्यावर अडते. डोक्यावर घातला तर टोपी वर उचलली जाते आणि वळताना डुगडुगते. तिसऱ्या प्रयत्नात जमलं : भांग मधोमध, दोन्ही बाजूंनी घट्ट सागरवेण्या मानेपर्यंत, उरलेले शेपटे एकमेकांवरून फिरवून डोक्याला चपटे आकड्यांनी बसवायचे, वर काळी जाळी. शुक्रवारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, तेल लावायचं नाही, टोपीच्या आतल्या पट्टीला डाग पडतो. तेल रविवारी, सामना झाल्यावर. व्हिडिओ कॉलवर मी सांगायचे, तिची रूममेट घालायची. आता ती मुलगी न बघता सागरवेणी घालते.

चमकीचा प्रश्न वेगळा. जुलैत कोल्हापूरला आजीच्या हौसेने नाक टोचलं होतं आणि गणवेशात दागिना चालत नाही. भोक बुजेल म्हणून लेक घाबरली होती. आधीच ईमेल करून विचारलं, तर पारदर्शक प्लास्टिकची बारीक काडी चालेल असं उत्तर आलं. धर्माचा, आरोग्याचा किंवा असा काही प्रश्न असेल तर उन्हाळ्यातच लिहून विचारा. कॅम्पच्या दिवशी रांगेत उभं राहून विचारू नका.

कुणी म्हणेल, एवढी शिस्त कशाला, मुलं गाणं वाजवायला जातात. मला तसं वाटत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडमध्ये मुलींना पहिल्यांदा जागा मिळाली ती 1973 साली, शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा 1972 मध्ये झाल्यावर. अशाच एका विद्यापीठाच्या बँडमध्ये आज माझी लेक त्याच गणवेशात, त्याच 22.5 इंचांच्या पावलाने मुलांच्या खांद्याला खांदा लावून चालते, आणि वरून पाहताना मुलगा कोण, मुलगी कोण, गोरी कोण, सावळी कोण, काही कळत नाही. मी तिला शोधत असते. पहिल्या सामन्यात मला ती सापडलीच नाही आणि मला रडू आलं, आनंदाने.

गुण द्यायचे तर बुटाला पाचपैकी चार. एक गुण पातळ इनसोलचा कापला. पहिल्या दुकानातल्या त्या चौकोनी टाचेच्या बुटाला मार्चिंगसाठी शून्य. लेक तो आता नोकरीच्या मुलाखतींना वापरते.

यंदाच्या शेवटच्या सामन्यानंतर बूट उलटा करून पाहिला. डाव्या टाचेची बाहेरची कड घासली आहे, उजवी ठीक आहे. पहिल्या वर्षीही डावीच आधी घासली होती. माझ्या एनसीसीच्या बुटाचंही तसंच व्हायचं. नवा जोड मागवलाय, या वेळी अर्धा नंबर मोठा, जेलच्या इनसोलसकट.