जुनी पेन्शन, एनपीएस की सुधारित योजना : निर्णयापूर्वी शिक्षकाने काय पाहावे

आमच्या शिक्षक कक्षात एकाच टेबलाशी बसणारे दोन सहकारी आहेत. एक जण ऑगस्ट २००५ मध्ये रुजू झाले, दुसरे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. दोघांची पदवी सारखी, वर्ग सारखे, वेतनश्रेणीही सारखीच. तरीही पहिल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत आणि दुसऱ्यांना नाहीत, कारण ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना, म्हणजे पगारातून ठरावीक वाटा कापून निधी साठवणारी योजना, लागू केली आणि तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, विलीन झाली. पुढची तुलना मुख्यतः या दुसऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे, कारण एनपीएसमध्येच राहायचे की राज्याची सुधारित योजना घ्यायची, ही निवड करण्याची वेळ त्यांच्यासारख्यांवरच आली आहे.

तुलना बहुतेक वेळा 'महिन्याला किती मिळणार' या एकाच प्रश्नावर होते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु प्रत्येक योजना शिक्षकाकडून वेगळ्या प्रकारची जागरूकता मागते, आणि ती ठेवली नाही तर कागदावर उत्तम दिसणारी योजनाही हाती कमीच देते, असे माझे गेल्या काही वर्षांतील निरीक्षण आहे.

प्रथम जुनी योजना, कारण बाकी सर्व योजना तिच्याच मापाने मोजल्या जातात. तिच्यात शिक्षकाच्या पगारातून पेन्शनसाठी काहीही कापले जात नाही. पुरेशी अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाल्यास शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर महागाईची वाढ मिळत राहते, उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते, आणि निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग अंशराशीकृत करता येतो, ज्याला बोलीत पेन्शन विकणे म्हणतात. भविष्य निर्वाह निधीचे खाते वेगळे असतेच. ही योजना आता बहुतेकांना निवडता येत नाही. अपवाद आहे तो १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघालेल्या जाहिरातीनुसार निवड होऊन नंतर रुजू झालेल्यांचा. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना अशा स्थितीत एक वेळचा पर्याय दिला. खासगी अनुदानित शाळांमध्ये आणखी एक वर्ग आहे : नेमणूक २००५ पूर्वीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले. त्यांच्या हक्काचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयीन वादात राहिला आहे, आणि अशा शिक्षकाने नियुक्तीचा आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र आणि अनुदानाचे आदेश मूळ स्वरूपात सांभाळून ठेवणे, हे कोणत्याही मोर्चात जाण्याइतकेच गरजेचे आहे.

एनपीएसचे गणित वेगळे आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के रक्कम शिक्षकाची, १४ टक्के शासनाची. शासनाचा वाटा १ एप्रिल २०१९ पासून १० वरून १४ टक्के झाला. ही रक्कम शिक्षकाच्या प्राण क्रमांकाच्या (एनपीएसच्या कायम खाते क्रमांकाच्या) खात्यात जाते, निधी व्यवस्थापकांकडून गुंतवली जाते, आणि निवृत्तीच्या वेळी साठलेल्या निधीपैकी ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी मिळते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन (ॲन्युइटी, म्हणजे ठरावीक नियमित रक्कम देणारी योजना) घ्यावे लागते. निवृत्तिवेतन किती असेल याची कोणतीही हमी नाही. नियत वयाआधी नोकरी सोडली, तर किमान ८० टक्के रक्कम वर्षासनातच घालावी लागते, ही बाब स्वेच्छानिवृत्तीचा विचार करणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

राज्याची सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना ही या दोहोंच्या मधली वाट आहे. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर चाललेला संप 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेवर लढला गेला. जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आली नाही. त्याऐवजी १ मार्च २०२४ पासून ही योजना आली. किमान २० वर्षे सेवा करून नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्यास शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाईवाढ, २० वर्षांहून कमी पण १० वर्षांहून अधिक सेवेस त्या प्रमाणात, आणि १० वर्षांच्या सेवेनंतर किमान ७,५०० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. १० टक्क्यांची कपात मात्र चालूच राहते.

याच सुमारास केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर झाली आणि दोन्ही योजनांचे आकडे एकमेकांत मिसळले गेले. केंद्राच्या योजनेत पूर्ण लाभासाठी २० नव्हे, २५ वर्षे सेवा लागते. शेवटच्या वेतनाऐवजी शेवटच्या १२ महिन्यांच्या मूळ वेतनाची सरासरी धरली जाते. किमान रक्कम १०,००० रुपये आहे. आणि प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे मासिक वेतनाचा दहावा भाग एकरकमी मिळतो. मोबाइलवर फिरणारा एखादा तक्ता पाहताना तो नेमक्या कोणत्या योजनेचा आहे, हे आधी तपासावे. विकल्पाच्या अर्जावर योजनेचे जे नाव छापलेले असेल, तेच शब्दशः वाचून मग सही करावी.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवू. समजा, शिक्षिका ५८ व्या वर्षी २४ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत आणि शेवटचे मूळ वेतन ८०,००० रुपये आहे. सुधारित योजनेत त्यांना महिना ४०,००० रुपये आणि महागाईवाढ मिळेल. एनपीएसमध्ये त्यांचा निधी ६० लाख झाला असे धरले, तर ३६ लाख हातात येतील आणि २४ लाखांच्या वर्षासनातून, ६ टक्के दर धरल्यास, महिना १२,००० रुपये मिळतील, जे दहा वर्षांनंतरही १२,०००च असतील. संपूर्ण ६० लाख वर्षासनात घातले तरी ३०,००० होतात. महिना ४०,००० मिळवण्यासाठी याच दराने ८० लाख लागतील, आणि त्यातही महागाईवाढ नसेल. मला स्वतःला या हिशेबातला सर्वांत जड शब्द 'महागाईवाढ' हाच वाटतो, कारण निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगणाऱ्या माणसाचा औषधांचा खर्च स्थिर रकमेला कधीच जुमानत नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाबाबत एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. सुधारित योजनेत ६० टक्के आणि जुन्या योजनेत ३० टक्के, म्हणून नवे दुप्पट, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जुन्या योजनेतील ३० टक्के हे शेवटच्या वेतनाचे आहेत आणि नव्या योजनेतील ६० टक्के हे निवृत्तिवेतनाचे. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे २४,००० रुपयेच येतात.

तरीही एनपीएस सर्वांसाठी वाईट ठरत नाही. सुधारित योजनेत हमीच्या बदल्यात साठलेल्या निधीवरचा हक्क सोडावा लागतो. एकरकमी पैसे घ्यायचे म्हटले तर निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. वयाच्या चाळिशीनंतर रुजू झालेल्या शिक्षकाची सेवा १६-१७ वर्षांचीच होते. १७ वर्षे सेवा असल्यास सुधारित योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्म्याऐवजी साडेबेचाळीस टक्के हाती येतात. जोडीदाराला स्वतःचे निवृत्तिवेतन असेल, डोक्यावर घराचे कर्ज असेल किंवा मुलांसाठी भांडवल मागे ठेवायचे असेल, तर अशा व्यक्तीने दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच ठरवावे. मात्र वीस वर्षे पूर्ण होत असतील आणि घरात दुसरे नियमित उत्पन्न नसेल, तर सुधारित योजना सोडण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

जागरूकतेच्या बाबतीत जुनी योजना सेवापुस्तकावर उभी असते. दरवर्षीच्या सेवा पडताळणीची नोंद, वेतननिश्चिती, रजेचा हिशेब, बदलीनंतरची रुजू तारीख, यांपैकी एक नोंद सुटली तरी निवृत्तीच्या वर्षी प्रकरण परत येते. एनपीएस खात्यावर उभी असते. सुधारित योजनेत दोन्ही लागतात : वीस वर्षे सेवापुस्तक सिद्ध करते आणि निधीचा हिशेब खाते. म्हणून दुय्यम सेवापुस्तक स्वतःजवळ ठेवून वर्षातून एकदा मूळ पुस्तकाशी ताडून पाहावे, आणि खात्याचे विवरणपत्र तिमाहीला उघडावे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आंतरजिल्हा बदलीनंतर दोन वर्षांनी मी माझे विवरणपत्र प्रथमच नीट वाचले. जूनची नोंद होती आणि त्याखालची पुढची ओळ थेट फेब्रुवारीची होती. मधल्या सात महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्यांवर कपात स्पष्ट दिसत होती, पण ती रक्कम खात्यावर आली नव्हती, आणि तिच्यासोबत शासनाचा वाटाही नव्हता. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. शेवटी उपयोगी पडल्या त्या सात वेतनचिठ्ठ्या, ज्या मी केवळ सवयीने एका फायलीत लावून ठेवल्या होत्या. मूळ रक्कम जमा झाली. त्या काळात तिच्यावर मिळाले असते ते उत्पन्न मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून शाळेतील नव्या सहकाऱ्यांना मी पहिल्या पगाराच्या दिवशी तीन गोष्टी करायला सांगतो : प्राण क्रमांकाचे खाते उघडून पाहणे, वेतनचिठ्ठी जपून ठेवणे आणि नामनिर्देशन भरणे. नामनिर्देशनाबाबत तर विशेष आग्रह धरतो. लग्नापूर्वी आईचे नाव लिहिलेले असते आणि पुढे पंधरा वर्षे त्या रकान्याकडे कोणी पाहत नाही. सेवेत असताना मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान मिळावे, अशी तरतूद ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसधारकांसाठीही झाली आहे, परंतु तो दावा घरातील माणसांनाच दाखल करावा लागतो. त्यासाठी खात्याचा क्रमांक, सेवापुस्तकाची प्रत आणि भरलेल्या विकल्पाची पोच कोठे ठेवली आहे, हे घरातील निदान एका माणसाला ठाऊक असावे. माझी फाईल कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि ती पत्नीने एकदा स्वतः उघडून पाहिली आहे.