मीठ आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. मिठागरातल्या जिवाणूचंही तसंच व्हायला हवं. पण होत नाही.

सॅलिनिबॅक्टर रुबर हा स्पेनच्या मिठागरांतला लाल जिवाणू. २००२ साली त्याचं बारसं झालं. तो सरळ पोटॅशियम क्लोराइड पेशीत भरून घेतो. आत-बाहेर सारखाच खारटपणा, मग पाणी जाईल कशाला? उपाय स्वस्त, पण अडकवणारा. त्याची प्रथिनं आम्लधर्मी, मिठाशिवाय त्यांची घडीच मोडते. मीठ १५ टक्क्यांखाली गेलं की गडी संपला. (समुद्रात असतं जेमतेम साडेतीन टक्के!)

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावरचा हॅलोमोनास एलाँगाटा हा जिवाणू मीठ बाहेर ढकलतो आणि एक्टोइन नावाचं निरुपद्रवी संयुग पेशीत साठवतो; पाणी धरून ठेवायचं काम मिठाऐवजी तेच करतं. ते बनवायला ऊर्जा पुष्कळ लागते. पण खारटपणा वाढला की साठा वाढवायचा, पाणी गोडं झालं की ओतून टाकायचा. माणूस तरी कसला सोडतोय! आधी खारं, मग कमी खारं पाणी देत कारखान्यांत त्याचं अक्षरशः ‘दूध’ काढतात आणि ते एक्टोइन त्वचेच्या क्रीममध्ये घालतात.

मला हा दुसराच हुशार वाटतो. मिठाचे खडे धरू लागलेल्या पाण्यात मात्र मीठ आत घेणाऱ्यांचंच राज्य.